वहिनींनी विचारलं तेव्हा

विज्ञानाच्या बाई एकवीस वर्षं त्याच शाळेत होत्या. मेंदू, हृदय, मूत्रपिंड हे धडे त्यांना इतके पाठ होते की पुस्तक उघडायची गरज पडत नसे. त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयातली एक मुलगी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली, तेव्हा सगळ्यांनी आधी बाईंकडेच पाहिलं. अवयवदानाबद्दल शिक्षकांना काय माहीत आहे आणि काय वाटतं, एवढंच तिला विचारायचं होतं. कागदावर नाव लिहायचं नव्हतं.

मधली सुट्टी होती. गणिताचे सर म्हणाले, शाळेने जिवंतपणीच सगळं काढून घेतलंय, मेल्यावर उरणार काय? भाषेच्या बाईंना वेगळीच धास्ती होती, सही केली आणि डॉक्टरांनीच घाई केली तर? खेळाचे सर मात्र पेन चावत बसले होते. कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरक त्यांना कळत नव्हता. बाईंनी वर्गात सांगतात तसं समजावलं. कोमातला माणूस जागा होऊ शकतो. मेंदू मृत झालेला माणूस परत येत नाही. यंत्र श्वास देतं तोवर हृदय काही काळ चालतं, इतकंच.

खेळाच्या सरांनी तोंडातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "असं असेल तर माझं सगळं देऊन टाका. वाया कशाला घालवायचं?"

हे आधी घरी सांगा, शेवटी घरच्यांनाच विचारतात, असं बाईंनी त्यांना बजावलं. सांगतो की, सर म्हणाले. बायको हळवी आहे, वेळ बघून विषय काढतो. बाईंच्या कागदावरची माहितीची सगळी उत्तरं बरोबर होती. स्वतः अवयवदान कराल का, या प्रश्नापुढे त्यांनी 'अजून ठरवलेलं नाही' वर खूण केली, तोवर घंटा झाली.

चार महिन्यांनी सर बास्केटबॉलची जाळी बांधायला शिडीवर चढले. शिडी सरकली आणि ते मागच्या मागे सिमेंटवर पडले. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सगळ्या तपासण्या केल्या आणि मेंदू मृत झाल्याचं सांगितलं.

सरांच्या बायकोला बाई वहिनी म्हणत. त्या घरी मुलांचे गणवेश शिवायच्या, शाळेत येणंजाणं होतं. त्यांनीच बाईंना बोलावून घेतलं. अतिदक्षता विभागाशेजारच्या लहानशा खोलीत वहिनी, सरांचे थोरले भाऊ आणि रुग्णालयातली अवयवदानाचं काम बघणारी समन्वयक बसले होते. समन्वयक हळू आवाजात बोलत होती. घरच्यांची इच्छा असेल तरच, नसेल तर कुणीही पुन्हा विचारणार नाही, असं तिने दोनदा सांगितलं. थोरल्या भावाने नकारार्थी मान हलवली. माझ्या भावाला कापू देणार नाही, म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

वहिनींनी बाईंचा हात धरला. "बाई, तुमच्याजवळ कधी काही बोलले होते का ते? यांच्या मनात काय होतं, मला काहीच माहीत नाही."

बाईंना सगळं आठवत होतं. पण भावाची ताठ मान समोर होती. आपण पडलो बाहेरच्या. उद्या हे सगळं माझ्याच माथी आलं तर? आत सरांची छाती वरखाली होताना त्या नुकत्याच बघून आल्या होत्या. मुलांना इतकी वर्षं जे ठासून सांगितलं, तेच त्या घटकेला त्यांना पटेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "असं काही आठवत नाही."

समन्वयकाने फाइल मिटली आणि वहिनींना पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचं हृदयही थांबलं.

बाईंनी दोनेक महिने रेटले. धडा शिकवताना मध्येच थांबायच्या, मुलं एकमेकांकडे बघायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आता उकरून काय उपयोग, त्या बाईला उलट त्रासच होईल. त्याचं बोलणं सोयीचं होतं म्हणूनच बाईंना ते टोचलं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या वहिनींकडे गेल्या.

वहिनी मशीनवर बसून बाह्या जोडत होत्या. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मशीन थांबलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"भाऊजींचं मी ऐकलं नसतं. यांचंच ऐकलं असतं."

मी घाबरले, एवढंच बाई म्हणू शकल्या. वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. बराच वेळ त्यांनी कापडाची घडी नीट केली, मग विचारलं, "म्हणाले कसे ते? गंभीरपणे की हसत?"

"आधी पेन खाली ठेवलं. मग अगदी सहज म्हणाले."

"तसेच होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आलात ते बरं केलंत. पण राग नाही, असं मी म्हणणार नाही. कुणाच्या तरी घरात त्या दिवशी वाट बघत असतील, बाई. तेच डोक्यातून जात नाही."

चहा झाला नाही. बाईंनी चपला घातल्या आणि जिना उतरल्या. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःचा अवयवदानाचा अर्ज भरला, नवऱ्याला आणि लेकीला समोर बसवून आपली इच्छा सांगितली. लेक म्हणाली, आई, जेवताना कसले विषय काढतेस? बाईंनी पुन्हा सांगितलं, तिने हो म्हणेपर्यंत सांगितलं.

वहिनी अजून गणवेश द्यायला शाळेत येतात. बाई दिसल्या की मापांबद्दल बोलतात, पावती घेतात. आधी थांबायच्या तशा घटकाभर गप्पा मारायला थांबत नाहीत. बाईही थांबा म्हणत नाहीत.