बारा कोपरे

लेकीचं कौतुक बापाच्या घशात अडकावं, असं सहसा होत नाही. पण त्या रविवारी दुपारी वेल्डरच्या घशाखाली घास उतरेना.

लेक, म्हणजे घरची भिंगरी, लढाऊ विमान चालवते. आठवड्यापूर्वी चाचणीत नवं क्षेपणास्त्र तिनेच सोडलं होतं. जेवता जेवता हातवारे करून ती आईला सांगत होती, "दीडशे किलोमीटरवरून सोडलं आणि लगेच मागे वळले. ते आपलं आपण खाली उतरतं, लाटांना चाटत जातं. शेवटी स्वतःच्या रडारनं जहाज शोधतं. बरोब्बर मधोमध लागलं बघ!"

"म्हणजे तुला जहाजाच्या जवळ जावं लागत नाही?" आईला तेवढंच हवं होतं.

"अजिबात नाही. त्यांचा मारा माझ्यापर्यंत पोचतच नाही. पुढच्या महिन्यापासून आमची सगळी तुकडी हेच घेऊन उडणार. आणि आई, निशाणाचं जहाज बाबांनी तयार केलेलं. घरचंच कार्य म्हण की!"

आई हसली. वेल्डर ताटात बघत राहिला.

भंगारात निघालेली जहाजं चाचणीत नेम धरायचं निशाण म्हणून सजवायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. तीन पत्रे काटकोनात जोडून तो कोपरा करायचा. रडारची लाट त्यात शिरली की आल्या वाटेनं परत जाते, आणि छोटं जहाज मोठं भासतं. असे दोन कोपरे लावायची रीतच होती, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण यंदा दोनदा क्षेपणास्त्र जहाज सोडून भलतीकडेच पाण्यात बुडालं. तिसऱ्या वेळी गोदीचे साहेब म्हणाले, "बारा लावा. आणि तोंडाला कुलूप." निवृत्तीला चार महिने उरले होते. वेल्डरने बारा लावले. मग काय बिशाद होती क्षेपणास्त्राची चुकायची!

एवढ्यावर भागलं असतं तर त्याने स्वतःची समजूत घातलीही असती. पण गुरुवारी भिंगरीचा फोन आला होता. "बाबा, अहवालावर सही करायचीय. निशाण नेहमीसारखंच होतं ना?" आणि हा म्हणाला होता, "हो गं, नेहमीसारखंच." पोटच्या पोरीशी धडधडीत खोटं, तेही एका दमात. तेव्हापासून त्याला आरशात बघायचीही लाज वाटत होती.

जेवणं झाल्यावर भिंगरी भांडी विसळायला उभी राहिली. तो पुसायला गेला. एकच ताट तो कितीतरी वेळ पुसत राहिला.

"बारा होते," तो म्हणाला.

"काय बारा?"

"कोपरे. दोन नाही, बारा लावले होते. साध्या जहाजावर तुझं क्षेपणास्त्र जाईल की नाही, देव जाणे."

तिने नळ बंद केला. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही सांगितलंत म्हणून सही केली, बाबा. त्या सहीवर तुकडीतली पोरं ते निर्धास्त दुरूनच सोडून वळणार. ते भलतीकडे गेलं, तर शत्रूच्या त्याच जहाजासमोर परत जावं लागेल त्यांना. मलाही."

त्याची मान वर होईना. ती ओरडली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं. तिने ओले हात पुसले आणि तिथूनच आपल्या कमांडरला फोन लावला.

"सर, माझी सही मागे घ्यायचीय. निशाणावर दोनाऐवजी बारा कोपरे होते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. "नाव नाही सांगता येणार, सर. पण माणूस खात्रीचा आहे."

खात्रीचा! कानशिलात बसली असती तरी इतकं लागलं नसतं. तो पुढे झाला आणि हात पसरला.

"दे इकडे."

"बाबा, राहू दे. तुमची नोकरी—"

"दे म्हणतो ना."

त्याने फोन कानाला लावला.

"साहेब, मी गोदीतला वेल्डर बोलतोय. हिचा बाप. कोपरे मीच लावलेत, आणि हिच्याशी खोटंही मीच बोललो."