कबरस्तानापाशी घेतलेलं नाव

सकाळी सातला गावाकडून, बेयनेऊहून, वडिलांचा फोन आला. माझे थोरले काका, ओराझ, पहाटे गेले होते. दफन पाचला.

"सागिनला घेऊन ये," वडील म्हणाले. "ओराझ आजारी आहे, एवढंच सांग. बाकीचं इथले म्हातारे सांगतील."

आमच्यात मरणाची बातमी वाटेत देत नाहीत. माणसाला घरी आणायचं, मोठ्यांमध्ये बसवायचं, मगच बोलायचं. अक्ताऊपासून चारशे सत्तर किलोमीटर मला गप्प राहायचं होतं.

सागिनकाका मधले. बंदरात क्रेन चालवतात. त्यांनी मागच्या सीटवर दोन कलिंगडं ठेवली आणि बसले.

"ओराझला आजार कसला? आळस. मागच्या खेपेला मी कुंपणाचे खांब रोवतोय आणि हा सावलीत बसून चुका काढतोय. आत्ता फोन लावला, तर उचलत नाही. रुसला असेल."

मी हसलो, पण जरा उशिरा.

"प्रयोगशाळेत दगडांशी बोलून बोलून माणसांशी बोलायचं विसरलास का रे?"

"ऊन आहे, काका."

"ऊन काय आज आलंय?"

बाहेर त्रेचाळीस अंश होते. सपाट माळ, सुकलेलं मिठाचं तळं, आणि रस्ता अडवून उभे उंट. मी वेगाच्या काट्याकडे आणि उरलेल्या अंतराकडे बघत राहिलो.

शेतपे गावाच्या पुढे रस्त्याकडेला जुनं कबरस्तान लागलं. काकांनी रेडिओ बंद केला.

"तू म्हण. तुझं पाठांतर चांगलं आहे."

गाडी हळू करून मी कुराणातली आयत म्हटली. मग नेहमीसारखी आपल्या घरच्या गेलेल्यांची नावं घेतली. आजोबा, आजी, लहानपणीच गेलेली आत्या. आणि त्याच लयीत, ओराझ.

प्रार्थनेच्या शेवटी चेहऱ्याकडे निघालेले काकांचे तळहात मध्येच थांबले. मग त्यांनी ते कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरवले. मी गाडी बाजूला घेतली.

"काका, मी..."

"गप्प बस. सांगणं तुझं काम नाही." आवाजात राग नव्हता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "दफन किती वाजता?"

"पाचला."

"मग थांबलास कशाला?"

पुढे तीनशे किलोमीटर उरले होते. काकांनी एकदा पाणी मागितलं आणि बाटली तशीच हातात धरून बसले.

घरासमोर दुखवट्याच्या रीतीप्रमाणे पुरुष काठ्यांवर रेलून रांगेत उभे होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. काकांना आत लोकरीच्या नमद्यावर बसवलं. शहाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने अगदी लांबून सुरुवात केली; आजोबांचा काळ, तिघा भावांचं बालपण, मग ओराझचं दुखणं. काका एकेक शब्द ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "डॉक्टर आले होते का?" अजून आशा असलेल्या माणसासारखं.

म्हाताऱ्याने शेवटी गेलेल्यांमध्ये ओराझचं नाव घेतलं. तेव्हा कुठे काका रडले. सगळ्यांनी जवळ जाऊन त्यांना धरलं. मी दाराशीच उभा राहिलो.