ठाणेदाराची नजर

"आता जे सांगून राहिलो, त्याच्यावर तू काय, तुझा बापही विश्वास ठेवणार नाही," वामनराव म्हणाले.

सोनिकाचा बाप म्हणजे वामनरावांचाच मुलगा, आणि लहानपणापासूनचा सराव असल्यामुळे तो तसाही ठेवत नसे. पण सोनिका नात होती. सकाळीच पुण्याहून आली होती, आणि तिच्या पायाशी जाळीच्या दाराचा एक नवाकोरा पिंजरा उघडा पडला होता. त्या पिंजऱ्याकडे पाहूनच वामनरावांनी ओळखलं, की आज साधं खोटं पुरणार नाही.

पिंजरा ठाणेदारासाठी होता. ठाणेदार म्हणजे गिनीपिग. सोनिकाने तो कॉलेजात असताना हौसेने आणला, नोकरी लागली तशी ती पुण्याला गेली, आणि नागपूरला हुडकेश्वरच्या घरात तो आबांच्या, म्हणजे वामनरावांच्या, गळ्यात पडला. रंग खाकी, पोट सुटलेलं, आणि भूक लागली की अशी शिट्टी मारायचा, की रस्त्याने जाणारा स्कूटरवाला घाईघाईने डोक्यात हेल्मेट घालायचा. निदान वामनराव तरी तसं सांगत. आता तो म्हातारा झाला होता. दोन्ही डोळ्यांवर ताकासारखी झाक आली होती, आणि त्यातच डाव्या डोळ्यात गवताची काडी गेली होती. सोनिकाने फोनवर साफ सांगितलं होतं, की त्याला दिसत असेल तर राहू दे तुमच्याकडे, दिसत नसेल तर मी घेऊन जाते, इथे त्याच्याकडे नीट लक्ष देता येईल. ते ऐकल्यापासून वामनरावांना जेवण गोड लागत नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यांचं बोलणं मधे न तोडता ऐकणारा घरात हा एकच जीव उरला होता.

म्हणून त्यांनी आधी खरं सांगायला घेतलं. पुढचं खोटं अडकू नये म्हणून सुरुवातीला थोडं खरं लावायचं, ही त्यांची जुनी रीत.

काडी गेली तशी त्यांनी ठाणेदाराला टॉवेलात गुंडाळलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मेघा म्हणून एक पोरगी नवीन आली होती, साताऱ्याकडची. हुशार होती. डोळ्यात हिरवं चमकणारं औषध टाकून तिने टॉर्च मारली आणि सांगितलं, की डाव्या डोळ्याला ओरखडा आहे, तो थेंबांनी भरेल. पांढरी झाक म्हणजे मोतीबिंदू, तो वयाचा. हे शेवटचं वाक्य वामनरावांनी सोनिकाला सांगताना खोकल्यात घालवलं.

मग डॉक्टरने विचारलं, की खायला काय देता.

"मी म्हटलं, वाळलं गवत, संत्र्याची एखादी फोड, अन् दोन्ही टाइम सांबार."

डॉक्टरच्या हातातली टॉर्च हळूच खाली आली. तिने विचारलं, किती देता? वामनराव म्हणाले, मागंल तेवढा. गरम देता की गार? या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलं, पण खरं ते सांगितलं, की फ्रिजमधून काढतो आणि थंडीचे दिवस असले तर जरा हातात धरून ऊब देतो. घरी कोण करतं? घरी कसा करणार बाप्पा, बाजारातून आणतो, म्हणाले. तेव्हा त्या पोरीने खुर्ची ओढली, ती खाली बसली आणि फार शांतपणे समजावलं, की आजोबा, हा गवत खाणारा प्राणी आहे. त्याला चिंच, तिखट, फोडणी असलं काही चालत नाही. आतडी खराब होतील. सांबार आजपासून एकदम बंद.

सोनिका हसायला लागली. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला पुण्याला जाईपर्यंत सगळ्या जगाचंच बोलणं वाटायचं. तिथे तिने पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याकडे ताजा सांबार मागितला, आणि त्याने तिला समोरच्या इडलीवाल्याकडे पाठवलं होतं.

"आबा, मग तुम्ही सांगितलं काहून नाही तिले?"

वामनराव म्हणाले, डॉक्टरच्या हातात सुई असताना आपण भाषा शिकवायची नसते. त्यांनी फक्त विचारलं, की मग त्याच्या बदल्यात काय द्यायचं. तर ती म्हणाली, कोथिंबीर द्या.

"म्हणजे सांबार बंद, अन् सांबाराच्या बदल्यात सांबार."

"इथपर्यंत खरं आहे वं, सोनू," पुष्पलताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आता पुढचं पाहून घे."

वामनरावांनी बायकोकडे दुर्लक्ष केलं आणि मांडी बदलली. ते सांगू लागले, की घरी आल्यावर तुझ्या आजीने याच्यासमोर जुडी धरली, 'घे रे सांबार' म्हणाली, तर यानं पाठ फिरवली. डॉक्टरचं बोलणं त्यानं टॉवेलातून ऐकलं होतं. मग वामनरावांनी स्वेटरची बटणं लावली, घसा साफ केला आणि पुण्याच्या माणसासारखं तोंड करून म्हटलं, 'ठाणेदारसाहेब, थोडी कोथिंबीर घेणार का?' तर असा धावत आला, की बस.

थेंबांचं तर विचारूच नको. पहिल्या दिवशी टॉवेलात झटापट केली, दुसऱ्या दिवशी स्वतःच डावा डोळा वर करून बसला. एका दुपारी वामनरावांना डुलकी लागली, तर यानं शिट्टी मारून उठवलं, की थेंबांची वेळ झाली. आणि त्या थेंबांनी नजर अशी साफ झाली, की जुडीतली पिवळी काडी तो आता दुरूनच बाजूला काढायला लावतो.

जखम भरली होती, हे मात्र खरंच होतं. सोनिकाने ठाणेदाराला उजेडात धरून डोळा पाहिला आणि मान डोलावली. पण दुसऱ्या हाताने तिने पिंजरा जवळ ओढला.

ते पाहताच वामनरावांनी गोष्टीचा वेग वाढवला.

"परवा गच्चीवर नेलं याले. तं हा ईशान्येकडं तोंड करून बसला, हलेच ना. मी पाह्यलं, तं म्हटलं बरोबर आहे. पन्नास किलोमीटरवरचा रामटेकचा गड पाहून राहिला होता."

"तुम्हाले तरी दिसते का गड?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"मले नाही दिसत, म्हणून तं याचं कवतिक," वामनराव म्हणाले आणि उठले. नुसतं सांगून भागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आता पुरावा. ते बोलत बोलत दिवाणापासून दारापर्यंत गेले, तर फरशीवर सोडलेल्या ठाणेदाराचं डोकं त्यांच्या मागे मागे वळलं. बोलत बोलतच दारापासून टीव्हीपर्यंत आले, ते डोकंही परत आलं. वामनरावांनी मग दोन्ही हात पसरून सोनिकाकडे पाहिलं आणि सांगितलं, की पोलीसवाल्यांची नजरही अशी माणसाच्या पाठीवर राहत नाही.

सोनिकाची नजर ठाणेदाराच्या डोक्यावरून हलली नव्हती. मग तिने विचारलं, "आबा, एक काम करता का? चप्पल काढा, अन् त्या खिडकीपाशी जाऊन उभे राहा. पण एक शब्द बोलू नका."

वामनरावांनी पुष्कळ कारणं सांगितली. चालताना बोललं नाही तर त्यांचा गुडघा धरतो, असंही सांगून पाहिलं. पुष्पलताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवरा गप्प बसलेला पाहायला मिळणार म्हणून त्यांनी गॅससुद्धा बंद केला होता. शेवटी इलाज राहिला नाही. वामनरावांनी टीव्हीपाशी चपला काढल्या, ओठ घट्ट मिटले आणि ते पाय चोरत खिडकीपाशी गेले.

ठाणेदार हलला नाही. तो टीव्हीसमोरच्या रिकाम्या चपलांकडे मोठ्या आदराने तोंड करून बसून राहिला.

वामनरावांनी त्याच्याकडे पाहून हात हलवले, भुवया उडवल्या, शेवटी कमरेत वाकून कुर्निसातही केला. तो चपलांनाच धरून होता. मग मात्र त्यांना बारीकसा खोकला आला. त्याबरोबर ठाणेदार गर्रकन वळला आणि शिट्टी मारत सरळ खिडकीकडे धावत सुटला. वाटेत दिवाणाच्या पायावर आपटला, बाजूला झाला, परत आपटला, आणि कसाबसा येऊन वामनरावांच्या अनवाणी पावलावर चढून बसला.

वामनराव तोंड उघडणार, तोच सोनिकाने हात वर केला.

"लबाड बोलून राहिले तुम्ही, आबा. याले रामटेक सोडा, दिवाणही दिसत नाही. हा नुसता तुमच्या आवाजानं चालून राहिला. आता सांगा, तुमचा आवाज मी पुण्याले कशात भरून नेऊ?"