दुसरा व्हॉल्व्ह

आमचं वाफेचं छोटं इंजिन हिने, माझ्या बायकोने, स्वतःच्या हाताने बनवलं. गुडघाभर उंच, खऱ्या रेल्वे इंजिनाची हुबेहूब नक्कल. लेथवर ती, हाताखाली मी. कोळसा घातला की धापा टाकत चार-पाच माणसं सहज ओढायचं. ही गेली आणि घरात तिच्या हातची एवढीच चालतीबोलती वस्तू उरली.

यंदा अशी छोटी इंजिनं चालवणाऱ्या आमच्या हौशी मंडळाने नियम काढला, बॉयलरला दोन सेफ्टी व्हॉल्व्ह हवेत. हिने एकच बसवला होता. दुसरा नसेल तर मंडळाच्या रुळांवर चढू देणार नाहीत. मुलगी म्हणाली, जाणत्याकडून करून घ्या. मला त्यावर परका हात नको होता. गॅसची टॉर्च पेटवली, बॉयलरचं तांबं लाल केलं आणि नव्या व्हॉल्व्हला चांदीचा डाग दिला. डाग सुरेख बसला. स्वतःवरच खूश झालो.

मग मंडळाचे तपासनीस घरी आले. त्यांची तपासणी गारच असते, विस्तव न पेटवता. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, हातपंपाने नेहमीच्या दुप्पट दाब द्यायचा आणि गेजचा काटा टिकतो का बघायचं.

काटा चढला आणि उतरला. खालून पाणी गळायला लागलं.

तपासनीसांनी बॅटरी मारून आत पाहिलं. हिने कधीतरी बारीक गळती शिशाने बुजवली होती. माझ्या आचेने ते वितळून सांध्यासांध्यांत उतरलं होतं.

म्हटलं, पुन्हा चांदी लावू.

"शिसं शिरलं तिथे चांदी धरत नाही. हा बॉयलर संपला. नवा घाला."

मी म्हटलं, कमी दाबावर चालवतो, मागे मी एकटाच बसेन.

"म्हणजे फुटला तर एकटेच जाल, एवढाच फायदा," ते म्हणाले. "मी हा पास केला असता, तर वहिनींनी माझाच कान पिळला असता."

ते खरं होतं. मी पुन्हा पंप मारायला लागलो. तपासनीस चपला घालून गेले. मुलीने बॉयलरचे नट सोडवायला पाना उचलला.

"हात लावू नकोस."

"बाबा, चाकं आहेत, सिलिंडर आहेत. सगळं आईचंच आहे."

"थांब. काटा चढतोय."

चढत नव्हता. तिने गेजकडे पाहिलं, पाना ठेवला आणि फडकं आणलं. मी पंप मारत होतो, ती माझ्या पायाशी बसून पाणी टिपत होती. फडकं पिळून आणेपर्यंत फरशी पुन्हा ओली व्हायची.