सेक्रेटरींना नेटवर्क ओळखत नाही

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत वायफायचा पासवर्ड एकच होता आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा तो नव्या भाडेकरूला कपड्यांबरोबर देत असे. सेक्रेटरी देवव्रत परुळेकरांनी हे थांबवलं. ज्याच्या नावावर फ्लॅट, त्यालाच स्वतंत्र लॉगिन. अपवाद नाही. नावंही मालकांच्या यादीवरून स्वतः बसून भरली. वार्षिक सभेत हे चालवून दाखवायचं आणि पुन्हा निवडून यायचं, असा बेत होता.

सभेत त्यांनी समजावलं. जिन्यातली वायफायची पेटी स्वतः काही ठरवत नाही. वॉचमन कसा पाहुण्याला गेटवर थांबवून इंटरकॉमवर विचारतो, तशी ती तुमचं नाव आणि पासवर्ड ऑफिसातल्या सर्व्हरकडे पाठवते. तिथून होकार आला, तरच आत. सर्व्हर कुणाची भीड ठेवत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग पडद्यावर सगळ्यांसमोर स्वतःचं नाव टाकलं. सर्व्हरने नकार दिला. त्यांनी पुन्हा, सावकाश टाकलं. सर्व्हरने सावकाश नकार दिला.

पहिल्या रांगेत त्यांच्या मातोश्री, अनुपमाआजी, मोबाइलवर दशावतार बघत होत्या. चित्र कुठे अडकत नव्हतं.

"आई, तुझं लागलं?"

"माझा कधीचाच लागला," आजी नजर न उचलता म्हणाल्या. "घर कोणाच्या नावार आसा?"

मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. घर आजींच्या नावावर होतं, परुळेकर फक्त सहयोगी सभासद होते. कमिटीत बसायला तेवढं पुरतं, सर्व्हरला पुरत नव्हतं. त्यांनी वाकून आईकडे पासवर्ड मागितला. आजींनी बोट भिंतीवरच्या नोटिशीकडे केलं. पासवर्ड कोणालाही सांगू नये. खाली सही परुळेकरांची.

आता मात्र हॉल उघड हसू लागला. परुळेकर खुर्चीत बसले आणि थोड्या वेळाने, दुसरा मार्ग नसल्यामुळे, स्वतःही हसले.

तेव्हा आजींनी दशावतार थांबवला आणि उठून ठराव मांडला: घरातल्या प्रत्येकाला लॉगिन मिळावं. सगळे हात वर गेले. परुळेकर घाईने स्वतःचं नाव भरू लागले.

"आधी सुनेचा घाल," आजी म्हणाल्या. "मगे नातवाचा. मगे तुझा."

त्याच क्रमाने भरलं. तिसऱ्या नावाला सर्व्हर हो म्हणाला आणि हॉलमध्ये अशा टाळ्या पडल्या, की जणू परुळेकर बारावी पास झाले. एवढं हसून घेतल्यावर त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणाचंच मन होईना. ते बिनविरोध निवडून आले, आणि आजी पुन्हा दशावताराकडे वळल्या.