शहामृगाच्या पंखाखाली

दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या कारूच्या माळावर शहामृगाच्या डोक्यावर मोजा चढवला की ते शांत होतं. दिसेनासं झालं की सगळं ठीक आहे, असं त्याला वाटत असावं. आमची शेतकरी संघटनाही बरीच वर्षं याच तत्त्वावर चालते.

कत्तलखान्याची डॉक्टर म्हणून माझं काम याच्या उलट. पक्षी कापायला आत जाण्याआधी मोजा काढून डोळे-नाक बघायचं, पंख उचलून गोचीड शोधायची. पट्टेरी पायांची एक जरी सापडली तरी अख्खी तुकडी परत. तिच्यातून काँगो ताप येतो आणि कापणारा माणूस हिरड्यांतून रक्त येऊन मरतो. शेजारच्या जिल्ह्यात तसा एक गेला होता. पक्ष्याला मात्र काही होत नाही.

त्या सकाळी गर्टची तुकडी होती; सप्टेंबर हे त्याचं आडनाव. जन्मभर दुसऱ्यांची शहामृगं राखून झाल्यावर ही त्याची स्वतःची पहिली. तो इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणाला टेकला होता. पंख उचलत होता माझा मदतनीस ॲश्वेल, म्हणजे गर्टचा सख्खा मेव्हणा. आमच्या गावात नातेवाईक टाळून तपासणी करायची तर परदेशातून माणसं आणावी लागतील.

"साफ," ॲश्वेल म्हणायचा आणि पुढे सरकायचा. "साफ."

एका मादीच्या पंखाखाली त्याचा हात जरा जास्त वेळ राहिला. मग बारीकसा आवाज आला. चट्.

मी मेंढ्यांच्या शेतावर वाढलेय. दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये गोचीड फोडल्याचा आवाज मला झोपेतही ओळखू येईल. आम्ही लहानपणी त्यात शर्यती लावायचो.

"काय होतं?"

"काही नाही, डॉक. वाळकी लेंडी." त्याने हात पँटला पुसला. हातमोजा कमरेला खोचलेला होता. हातमोज्यातून गोचीड बोटांना कळत नाही म्हणून सगळेच तो काढतात.

"अंगठा दाखव."

"हात मागताय की काय माझा?"

"माझं लग्न झालंय. अंगठा दाखव."

त्याने मूठ आवळली. त्याच्या अंगठ्याला सुरी लागली होती, आदल्या दिवशी मीच पट्टी बांधली होती. आता पट्टी ओली होऊन लोंबत होती.

"डॉक," गर्ट कुंपणावरून हसत म्हणाला, "माणसं तपासायची असतील तर दवाखान्यात जा. माझे पक्षी उन्हात उभे आहेत."

आतून कोणीतरी दार वाजवलं. सुऱ्या लावून माणसं वाट बघत होती.

"ॲश्वेल, ती लेंडी असेल तर हात धू, आपण पुढे जाऊ. गोचीड असेल तर तिचं रक्त तुझ्या जखमेत गेलंय, मला आत्ता दवाखान्यात कळवू दे. नाहीतर उद्या-परवा तापलास की ते सर्दीच्या गोळ्या देऊन घरी पाठवतील."

तो लोंबती पट्टी गुंडाळायला लागला. "मेर्ल माझं तोंड बघणार नाही."

मेर्ल म्हणजे त्याची बहीण, गर्टची बायको.

गर्टचं हसू गेलं. "मेव्हण्या, काय फोडलंस तू?"

"दाजी, तुम्ही यात पडू नका."

"माझेच पक्षी आणि मीच पडू नको?" गर्ट कुंपण ओलांडून आत आला. त्याच मोजा घातलेल्या मादीशेजारी गेला, पंख उचलला, पिसं बाजूला केली आणि तसाच उभा राहिला. मी जवळ गेले. कातडीवर एक टपोरी चिकटली होती, पायांना पट्टे.

"नियमाप्रमाणे दोन आठवडे उघड्या मातीवरच ठेवले होते," गर्ट हळूच म्हणाला. "औषध मारलं, गवताची काडी नव्हती. पण काल शेवटची रात्र. मेर्ल म्हणाली, उपाशीपोटी कसं पाठवायचं. तिने बांधाकडचा लसूणघास कापून टाकला, गोचिडीसकट. मी बघितलं. बोललो नाही."

"मी जेवायला आलो की ती एवढं ताट भरत नाही," ॲश्वेल म्हणाला.

"गप बस आणि ट्रकमध्ये चढ. आधी दवाखाना."

"आणि पक्षी?"

"पक्षी गेले खड्ड्यात."

मी तुकडी परत पाठवली. आतल्या माणसांनी सुऱ्या ठेवल्या आणि चहा मागवला.

दोन दिवसांनी ॲश्वेलला ताप आला. रात्रीत चढला, अंग मोडून काढलं, हिरड्याही एकदा दुखल्या. पण दवाखाना तयारीत होता. वेगळी खोली होती, औषध वेळेवर सुरू झालं. गर्ट काचेबाहेर खुर्ची टाकून बसायचा आणि मला सकाळ-संध्याकाळ ताप कळवायचा, जणू हवामान खात्यात नोकरी लागली होती. मेर्ल त्याच्या शेजारी बसायची, डबा घेऊन. काचेपलीकडे डबा नेऊ देत नव्हते. तरी ती आणायची.

ताप उतरला त्या सकाळी गर्टने फोन केला. ॲश्वेल वाचला होता.

"पक्षी कसे आहेत?" मी विचारलं.

"पक्षी?" तो म्हणाला. "ते काय, ठणठणीत आहेत."