मेरीमातेला बोललेली जांभळी गाडी

मी जांभळी गाडी बोलतेय. नुसतं गाडी म्हटलं की माझ्या मालकाला, फ्लोरियनला, राग येतो, म्हणून नीट सांगते. मी मसल कार. एकोणीसशे सत्तर सालची, आठ सिलिंडरची, अस्सल डेट्रॉइटची. आमची जात घडवली ती एकाच कामासाठी. सिग्नल हिरवा झाला की मागच्या चाकांनी धूर काढायचा आणि शेजारच्या गाडीला आरशात बारीक बारीक करत नेऊन पार दिसेनासं करायचं. आणि मी काय केलं? आयुष्याचा बहुतेक काळ डेट्रॉइटजवळच्या वायनडॉट गावातल्या एका गॅरेजात पांघरूण घेऊन पडून राहिले. नऊवारी नेसवून ट्रंकेत बंद करून ठेवलेल्या बाहुलीसारखी.

हसू नका. हसायचंच असेल तर फ्लोरियनला हसा.

माझा जन्म काही मखरात झाला नाही. सोमवारची पहिली पाळी होती. दरवाजा बसवणारा गडी रविवारच्या कुठल्याशा लग्नात नाचून आला होता, डोळ्यांत अजून झोप होती. त्यामुळे माझा डावा दरवाजा जरासा खालीच बसला. आज त्याच दरवाजापुढे चांगली शिकली-सवरलेली माणसं गुडघे टेकतात, बॅटरी मारून फट बघतात आणि भक्तिभावाने पुटपुटतात, "अहाहा! कारखान्यातून निघाली तश्शीच!" माणसाच्या जांभईची पूजा होते ती अशी.

फ्लोरियन ग्विज्दाला तेव्हा पोलादाच्या कारखान्यात नुकता लागला होता. कानाच्या पाळ्या लाल, मानेवर भट्टीची झळ, आणि पगार हातात आला की तो कधी एकदा उडवतो असं झालेलं. त्याने मला घेतलं आणि पहिली काही वर्षं, खरं सांगते, मी गाडीसारखी जगले. नदीकाठच्या रस्त्याने काचा खाली करून आम्ही सुसाट जायचो. रेजिना त्याच्या शेजारी बसायची. डोक्याला रुमाल बांधायची आणि "हळू रे मेल्या!" असं ओरडत ओरडत हसायची. त्यांच्या लग्नाच्या दिवशी माझ्या मागे डबे बांधले होते. चर्चपासून हॉलपर्यंत खडखडाट. तेवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

मग लिडिया झाली. आणि बोलायला लागायच्या आतच तिला मेंदूज्वर झाला.

तो हिवाळा मी विसरणार नाही. रेजिना इस्पितळात पोरीच्या उशाशी, आणि फ्लोरियन खाली येऊन माझ्यात बसलेला. इंजिन बंद. त्याच्या श्वासाने माझ्या काचा आतून पांढर्‍या झाल्या होत्या. खिशातून त्याने आईने दिलेली पोलंडातल्या चेन्स्तोहोव्हाच्या काळ्या मेरीमातेची तसबीर काढली, माझ्या डॅशबोर्डवर ठेवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणाला, "माते, माझ्याकडे दुसरं काही नाही. माझी पोर राख. ही गाडी तुझ्या चर्चला देऊन टाकतो."

साधा, सरळ नवस. ऐकायला तिथे मीच होते.

मातेने ऐकलं. पोरगी उठली. आठवड्याभरात दूध मागून रडायला लागली. मी मनातल्या मनात तयारी केली. म्हटलं, चला, आता चर्चच्या दारात. पुढे ज्याच्या हाती जाऊ त्याचं घर बघू.

कसलं काय! महाशयांनी मला घरी आणलं, गॅरेजात उभं केलं, बॉनेटवर हात ठेवला आणि छताकडे बघून म्हणाले, "माते, आजपासून मी हिला चालवणार नाही. म्हणजे सोडल्यासारखंच झालं, नाही का?"

आता ही अक्कल त्याला कुठून आली, तेही सांगते. आमच्या या नदीकाठच्या गावांत चाळीस दिवसांच्या उपवासात, ईस्टरच्या आधी, शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे चालतात. आणि मस्करॅट चालतो. मस्करॅट म्हणजे दलदलीत राहणारा, केसाळ, चांगला गलेलठ्ठ उंदीर. पाण्यात पोहतो ना, मग तो मासाच, असं जुन्या काळी कुणा धर्मगुरूने म्हटलं म्हणे. तेव्हापासून चर्चच्या तळघरात शुक्रवारी कांदा घालून उंदीर शिजतो, माणसं पट्टे सैल करून तो खातात आणि पुण्य पदरात पाडून घरी जातात. जो माणूस लहानपणापासून उंदराला मासा म्हणत जेवला, त्याला न चालवलेली गाडी दान केल्यासारखी वाटली, यात नवल ते काय?

बरं, चालवत नाही म्हणजे विसरला का? छे! टायर नवे, ब्रेक नवे, नळ्या नव्या. सगळं न चालवण्यासाठी. दर शनिवारी इंजिन सुरू करून माझी गुरगुर ऐकायचा, डोळे मिटून, कुणी गायन ऐकावं तसा. दातांच्या ब्रशाने माझ्या चाकांच्या खाचा घासायचा. स्वतःच्या दातांची मात्र कवळी झाली.

आणि ती प्रदर्शनं! उन्हाळा आला की मला ट्रेलरवर चढवून नेत. चार धडधाकट चाकं असून मी दुसर्‍या गाडीच्या पाठीवर बसून गावभर फिरले. याहून मोठा अपमान गाडीचा होत नाही. मग मैदानात शंभर गाड्या ओळीने, सगळ्यांची बॉनेटं दवाखान्यात आ वासल्यासारखी उघडी. प्रत्येकीच्या मागे घडीच्या खुर्चीत एकेक ढेरपोट्या म्हातारा. काचेवर पाटी, 'हात लावू नये'. कुणी विचारलं, "विकणार का?" की म्हातारा खुदकन हसून म्हणणार, "नाही बुवा." आणि दिवसभर कुणी विचारलंच नाही तर घरी जाताना बायकोवर चिडचिड. फ्लोरियन तर दर पानगळीत म्हणायचा, "यंदा विकूनच टाकतो." आणि दर वसंतात, "राहू दे, अजून भाव चढेल." चालवत नव्हता म्हणून तर भाव चढत होता. नवस चुकवल्याचं असं बक्षीस बघितलंय कुणी?

रेजिनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी अंडी, सॉसेज, पाव आणि लोण्याचं कोकरू टोपलीत मांडून ती आशीर्वादासाठी चर्चला न्यायची. दर वर्षी गॅरेजच्या दारात थांबून विचारायची, "नेतोस का रे?" आतून उत्तर यायचं, "बर्फ वितळवायला मीठ टाकलंय रस्त्यावर. पत्रा खाईल." ती टोपली मांडीवर घेऊन बसने जायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही.

यंदाच्या उपवासातल्या एका शुक्रवारी अ‍ॅरिझोनाहून टॉलिव्हर नावाचे, जुन्या गाड्या जमवणारे गृहस्थ मला विकत घ्यायला आले. बूट असे चकचकीत की त्यांनी चिखल कधी पाहिला नसावा. गॅरेजात फ्लोरियन, रेजिना आणि तिचा भाऊ चेस्टर. तिघांना तळघरातल्या जेवणाला न्यायला लिडियाही आली होती. ती शाळेची बस चालवते. चांगली पन्नाशीकडे झुकलेली, दणकट बाई. मेंदूज्वराची खूण म्हणून एका कानाने जरा कमी ऐकते, एवढंच.

टॉलिव्हरांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "माझ्या हॉलमध्ये हिला काचेच्या खोलीत ठेवीन," ते म्हणाले. "हवा थंड, उजेड मंद. ती इंचभरही हलणार नाही, निर्धास्त राहा."

म्हणजे गॅरेजातून उचलून शवागारात. वा!

फ्लोरियनचा चेहरा दोन्हीकडे ओढला जात होता. इतक्यात टॉलिव्हर कौतुकाने म्हणाले, "पण ग्विज्दाला, इतकी कमी चाललेली गाडी मी पाहिली नाही. असा संयम! जमवलंत कसं?"

"संयम कसला," चेस्टर खिदळला. "कवडीचुंबक आहे तो. पेट्रोल टाकायला हात थरथरतो त्याचा."

"टायर झिजतील म्हणून मलासुद्धा बसू दिलं नाही," रेजिना म्हणाली.

लिडिया हसली नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मी लहान असताना मला वाटायचं, आपण गाडी असतो तर बरं झालं असतं. बाबांनी निदान शनिवारी तरी जवळ घेतलं असतं."

तिने ते सहज म्हटलं. पण फ्लोरियन मटकन माझ्या बंपरवर बसला. 'हात लावू नये' म्हणणारा माणूस चक्क टेकून बसला माझ्यावर. आणि मग त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. इस्पितळ, तसबीर, नवस.

"ही तुझ्यासाठी बोललेली आहे गं," तो लिडियाला म्हणाला. "देववली नाही माझ्याने. मग म्हटलं, निदान चालवू तरी नये."

मग चेस्टरने मांडीवर थाप मारली. "मस्करॅट! अरे, हा तर चाकांवरचा मस्करॅट!"

"तू गप रे!" रेजिना कडाडली. मग नवर्‍याकडे वळली. "इतकी वर्षं मी टोपली मांडीवर घेऊन बसने गेले, ती मेरीमातेच्या नावाखाली? मला वाटायचं, नवरा चिक्कू आहे. चिक्कू असतास तर परवडलं असतं रे. मातेला गाडी बोललास तू, आणि घातलंस काय तिच्या पदरात? माझी बसची वारी!"

"आता विकतो आणि सगळे पैसे चर्चला देतो," फ्लोरियन घाईघाईने म्हणाला. टॉलिव्हरांचे डोळे लकाकले.

"गाडी बोललास ना? मग गाडी दे."

"मग लिडियालाच देऊ? तिच्यासाठीच तर..."

"घरातल्या घरात?" रेजिनाने कमरेवर हात ठेवले. "पुन्हा उंदराला मासा म्हणायचंय का तुला?"

लिडिया पुढे झाली, बापाच्या शेजारी बंपरवर बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "मला माझं मिळालं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही ही देऊन टाका."

मी इतकी वर्षं या माणसाला नावं ठेवत आले. त्या क्षणी मात्र मला नाव सुचलं नाही.

ठरलं. चर्चचे फादर लेशेक म्हणाले, जूनच्या जत्रेत सोडतीची तिकिटं काढू, ज्याचं निघेल त्याची गाडी. आमच्या चर्चची ही जुनी रीत. कधी सायकल, कधी गालिचा, यंदा मी.

जून उजाडला. ट्रेलर आणायला निघालेल्या फ्लोरियनला रेजिनाने दारातच अडवलं. "चालवत ने. आणि मी बसणार आहे."

अहो, काय सांगू! एवढा दिमाख मिरवणारा माणूस, क्लच कसा सोडायचा तेच विसरला होता. गल्लीच्या तोंडाशी बंद पडलो. पुढच्या सिग्नलला पुन्हा. मागून बस चालवणारी लेक भोंगा वाजवतेय आणि रेजिना डोक्याला रुमाल बांधून ओरडतेय, "अरे जरा जोरात घे, मेल्या! पायी जाणारे पुढे गेले!" आणि मग नदीकाठचा सरळ रस्ता आला, त्याने पाय दाबला आणि मी बोलले. पोटातून, छातीतून, दोन्ही नळ्यांतून. खांबावरची कबुतरं उडाली. रेजिनाने डोळे पुसले. वार्‍याने असं ती म्हणाली.

चर्चच्या हिरवळीवर फादरांनी मला आशीर्वाद दिला. हातातला कुंचला मंतरलेल्या पवित्र पाण्यात बुडवून असा झटकला की माझ्या बॉनेटवर, छतावर, काचेवर थेंबच थेंब. कडक ऊन. पाणी तसंच वाळलं तर रंगावर डाग राहतात, हे फ्लोरियनइतकं कुणाला ठाऊक? त्याचा हात आपोआप मागच्या खिशाकडे गेला. मऊ फडकं अर्धं बाहेर आलं. मग तो थांबला. फडकं पुन्हा खिशात कोंबलं, किल्ली फादरांच्या हातावर ठेवली आणि दोन पावलं मागे झाला. थेंब माझ्या अंगावर वाळले. डाग अजून आहेत. माझ्या अंगावरचा एवढाच दागिना मला आवडतो.

आता मी तंबूत उभी आहे. रविवारी सोडत. टॉलिव्हरांनीही मूठभर तिकिटं घेतलीत, त्याची धास्ती वाटते खरी. पण जिने एवढ्या वर्षांची उधारी शांतपणे धरून ठेवली, त्या मातेला एक तिकीट उचलणं जड नाही, असा माझा भरवसा आहे. ज्याच्या नावाने निघेन त्याला हात जोडून सांगते, बाबा रे, माझी पूजा नको. पोरांना मागे बसवा, आइस्क्रीम सांडू द्या. हिमातून न्या, मिठाने पत्रा खाल्ला तर खाऊ दे. म्हातार्‍या बायकांना त्यांच्या टोपल्यांसकट चर्चला सोडा. गंजून मरेन, पण चालत मरेन.

फ्लोरियन रोज संध्याकाळी येतो. दोरीच्या पलीकडे, हात पाठीमागे बांधून उभा राहतो. काल त्याने हळूच रेजिनाला विचारलं, "आपणही एक तिकीट घ्यायचं का?" तिने नुसतं बघितलं. त्याने विषय बदलला.

मग कुणी एक परगावची बाई माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "काय सुंदर आहे हो! कुणाची?"

फ्लोरियनने तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे पाहिलं.

"रविवारी कळेल," तो म्हणाला.